फर्रुखनगरची खोली

१४ ऑक्टो., मंगळवार
मीटिंगमध्ये असताना ईराचा फोन. शाळेतून आली तर आजोबा घरात नाहीत, मोबाइल चार्जिंगला लावलेला. अभय नोएडाच्या ऑफिसातून निघाला, मी इथून, गुरुग्राममधूनच. साडेपाचला बाबा स्वतःच लिफ्टमधून बाहेर आले. हातात मुळ्यांची जुडी, माती तशीच.
"कुठे होतात?"
"फर्रुखनगरला."
"काय आहे तिथे?"
"बाजार आहे," म्हणाले आणि मुळे धुवायला गेले.
शर्टाच्या खिशात बसची तिकिटं. एक नाही, ढीगभर. म्हणजे हे केव्हापासून...

१५ ऑक्टो.
कामात लक्ष नाही. ऑगस्टमध्ये बाबा शेजारच्या टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर, आमचंच दार समजून बेल वाजवत उभे होते. त्या बाईंनी सिक्युरिटी बोलावली. मग डॉक्टर. "विसरण्याची सुरुवात आहे. घाबरू नका, पण एकटं बाहेर सोडू नका." आणि हा माणूस दोन बस बदलून दुसऱ्या गावी जातो, परत येतो. कसा? मला मॅपशिवाय जमणार नाही.
ईराला सांगितलं, फर्रुखनगर तालुक्याचं गाव आहे. विचारते, "म्हणजे व्हिलेज ना?" नाही गं. "मग सिटी?" तेही नाही.

२३ ऑक्टो., भाऊबीज
दादा पुण्याहून आला. ओवाळून झालं, पानं वाढली, आणि बाबा म्हणाले, "एक तारखेपासून फर्रुखनगरला खोली घेतली आहे."
मला वाटलं विसरून काहीतरी बोलतायत. नाही. खोली बियाण्यांच्या दुकानावर, मालक रामफलजी, नळ आत, संडास बाहेर. सगळं व्यवस्थित सांगितलं.
दादा : "बाबा, पुण्याला चला ना. तुमची खोली तयार आहे."
"मी विचारत नाहीये. सांगतोय."
अभय हळूच म्हणाला, "यार, त्यांना हवं ते करू दे की." दादा मेव्हण्यावरच उखडला. बासुंदी तशीच राहिली.
आई गेल्यापासून बाबांनी स्वतःसाठी काही मागितलेलं आठवत नाही. मागितलं तर हे.

२५ ऑक्टो., शनिवार
बाबा, दादा आणि मी गेलो. शेवटच्या सोसायट्या मागे पडल्या आणि बाजरीच्या कडब्याच्या गंजी लागल्या. गावाच्या जुन्या दरवाज्यातून आत शिरलो की बाजार : गूळ, दोर, घमेली, रजया भरणारा पिंजारी, मोहरीच्या बियाण्यासाठी गर्दी. गल्लीच्या टोकाला थेट शेत. मध्ये काहीच नाही, कुंपणसुद्धा नाही.
बाबांना सगळे "बाबूजी" म्हणतात. रामफलजींच्या दुकानाबाहेर त्यांची खुर्ची आहे! खेड्यांतून तहसीलला आलेल्या लोकांचे अर्ज लिहून देतात. फुकट. आज तहसील बंद, तरी दोघीजणी थांबलेल्या. एकीचं विधवा पेन्शन अडकलेलं. बाबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही, आणि मंत्रालयात लिहायचे तशा सरळ ओळींत कागद भरला. हात कापला नाही. घरी चहाचा कप धरताना कापतो.
मग, "चला, खोली दाखवतो." पुढे चालायला लागले. तिठ्यावर थांबले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मी दादाचा हात धरला. बांगडीवालीने मान वर न करता सांगितलं, "बाबूजी, उल्टे हाथ नै." डाव्या हाताला. बाबा डावीकडे वळले. जणू काही झालंच नाही.
रामफलजींना बाजूला घेऊन विचारलं. ते म्हणाले, "भूल जावें सैं कदे-कदे. तो के होया? इतनी दुकान सैं, कोई ना कोई मोड़ देगा। हमने सोच्या, आपको पता होगा।"
आम्हाला पता होतं. आम्ही काय केलं? गेल्या आठवड्यात दाराला दुसरं कुलूप लावलं.
तीन तास फोन पर्समध्ये राहिला हे परतताना लक्षात आलं. मलाच तिथे थोडं... जाऊ दे.

२ नोव्हें., रविवार
पोचवून आलो. गादी, गॅस, गोळ्यांचा डबा वारांप्रमाणे. दादाचा पुण्याहून फोन : "लोक विचारतील, मनू, तू बाबांना बाजारात ठेवून आलीस?" ठेवलं की गेले? अभय म्हणतो, दोन्ही. हे काय उत्तर झालं!
ईरा आजोबांच्या खोलीत बसून अभ्यास करत होती. दार उघडंच.

१३ नोव्हें., गुरुवार
बाबांना तीन दिवस ताप होता. मला आज कळलं. रोज फोनवर "बिल्कुल ठीक". आज आवाज ओढलेला वाटला म्हणून रामफलजींना फोन लावला. त्यांच्या घरच्यांनी काढा दिला, डॉक्टर आणला, पाळीपाळीने कुणीतरी बसलं.
"मला का नाही कळवलं?"
"बाबूजी ने मना किया था, बेटी।"
चिडले. फोनवरच ओरडले. अख्ख्या बाजाराला माहीत आणि मुलीला नाही! ते म्हणाले, "गलती हो गई।" त्याने आणखीच रडू आलं.
बाबांना घरी आणलंय. डॉक्टर म्हणतात, वेळेवर औषध मिळालं, काळजी नीट घेतली गेली. मग मी कशाला चिडले होते?

१६ नोव्हें.
बाबा बाल्कनीत बसतात. खाली कोण जातंय ते दिसत नाही एवढ्या उंचावरून. आज मला दोनदा आईच्या नावाने हाक मारली. दुसऱ्यांदा मी ओ दिली.
दादाने पुण्याचं तिकीट काढू का विचारलं. थांब म्हटलं. किती दिवस, ते सांगितलं नाही.

१८ नोव्हें., मंगळवार
सुट्टी टाकली. बाबांना घेऊन फर्रुखनगर. रामफलजींची आधी माफी मागितली, त्यांनी चहा मागवला. म्हणाले, एका पटवाऱ्याला (आपल्याकडचा तलाठी) खोली हवी आहे, महिनाअखेरपर्यंत सांगा. बाबांकडे पाहिलं.
"तू ठरव," बाबा म्हणाले. "आज मला इथे राहायचंय. उद्या काय वाटेल, ते मला सांगता येत नाही."
असं ते कधी बोलले नव्हते. भाऊबीजेला "सांगतोय" म्हणणारा माणूस.
मग खुर्चीत बसले. तहसील उघडी, रांग मोठी. एका म्हातारीचा अर्ज लिहून झाला, तिने कागद माझ्याकडे दिला : "पढ़ दे बेटी, ठीक सै?" वाचला. एकूण एक ओळ चोख. खाली अर्जदाराच्या जागी 'प्रार्थी' लिहून पुढे बाबांनी स्वतःचं नाव घातलं होतं.
रामफलजींनी माझा चेहरा पाहिला. जवळ येऊन हळू म्हणाले, "महीने भर तै हो रह्या सै। साँझ नै मैं ठीक करवा दूँ सूँ। बाबूजी नै बेरा ना लागण दिया।"
म्हणजे महिनाभर संध्याकाळी नावं बदलली जातायत. हेही सगळे सांभाळून घेतात, आणि बाबांना माहीतच नाही. हे प्रेम की फसवणूक? आम्ही दार बंद करून जे करतो त्याहून हे बरं की वाईट? खरंच कळत नाही.
म्हातारी वाट पाहत होती. कोरा कागद घेतला, शेजारच्या पोत्यावर बसून अर्ज उतरवला, खाली तिचं नाव : शांती देवी. अंगठा घेतला. बाबा दुसऱ्या कुणाचं तरी ऐकत होते, त्यांनी पाहिलं नाही. किंवा पाहिलं.
उठणार तोच समोर आणखी एकजण, हातात रेशन कार्ड. "मेरा भी लिख दे।"
बसले परत. नाव विचारलं.
खोलीचं अजून काहीच सांगितलेलं नाही.