कन्यादानाआधीचा मऊ भात

आई, तुझे उपास देवासाठी नव्हते, हे मला आता कळलं आहे. ज्या दिवशी कुणाकडे जायचं, नेमका त्याच दिवशी तुझा उपास असे. वाशीच्या आपल्या स्वयंपाकघरात तू ओट्याशी उभी आहेस, तोंडात चिमूटभर ओवा, आणि बाबांना हळूच विचारते आहेस, "त्यांच्याकडे संडास घरातच आहे ना?" मी हसायची. शेजारच्या बायका म्हणायच्या, केवढी देवभोळी बाई! माझ्या लग्नात कन्यादानाला तू बसली नाहीस, काका-काकू बसले. आईला चक्कर येते, असं मला सांगितलं गेलं. जावई तुझ्या मनात नसावा, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते.

मग माझंही पोट तुझ्यासारखंच झालं. कळ यायची, धावावं लागायचं, आणि तास-दोन तासांत पुन्हा तेच. मी शाळेत पर्यवेक्षिका. मुलं मला बघून गप्प होतात, आणि मी मात्र कुठल्याही सभेत दाराजवळची खुर्ची धरते. डबा उघडायची वेळ आली की म्हणते, उपास आहे. तुझंच वाक्य, तुझ्याच आवाजात. शेवटी डॉक्टरांकडे गेले. माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीच्या वयाची मुलगी. तिने विचारलं, दिवसातून कितीदा? मी म्हटलं, "हा काय प्रश्न झाला?" ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही आलात तो हाच प्रश्न घेऊन." तपासण्या झाल्या. इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. आतडं नाजूक, त्यात मनाची धास्ती. जिवाला धोका नाही, पण सांभाळून राहायचं. गोळ्या दिल्या, दूध आणि कांदा-लसूण काही आठवडे बंद केले, आणि वर म्हणाली, "उपाशी राहू नका, तुमचं त्याने जास्त बिघडतंय." आपण दोघींनी, आई, उलटंच औषध केलं.

तिनेच अशा रुग्णांच्या बैठकीला पाठवलं. मी दाराजवळच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसले होते. कळंबोलीचे एक ट्रकवाले म्हणाले, "मॅडम, आपल्याला इथून लोणावळ्यापर्यंत प्रत्येक पंपाचा संडास पाठ हाय. कुठला स्वच्छ, ते विचारा फक्त!" सगळे हसले. मीही हसले, आणि लगेच डोळे भरून आले म्हणून पर्समध्ये रुमाल शोधत बसले.

तेवढ्यात लेकीचं लग्न ठरलं. मी तिला म्हटलं, कन्यादानाला काका-काकूंना बसव, मला चक्कर येते. "आई, खरं सांग," ती म्हणाली. मी तिच्याकडे पाठ करून, भांडी विसळत सांगितलं. तिने माझ्यासमोरच गुरुजींना स्पीकरवर फोन लावला. "गुरुजी, आईला मध्येच उठावं लागलं तर?" ते म्हणाले, "उठू दे की! मला डायबेटिस आहे, मीसुद्धा उठतो. अग्नी काही पळून जात नाही." लाजेने माझे कान तापले.

लग्नाच्या सकाळी लेकीने मऊ भात पुढे ठेवला. कन्यादान होईपर्यंत आई-बापांनी खायचं नसतं, हे तिलाही ठाऊक होतं. मी खाल्ला. आणि तरीही विधी चालू असताना उठावं लागलंच. पैठणी सावरत, सगळ्या खुर्च्यांसमोरून, त्या लांबच लांब हॉलच्या टोकापर्यंत. परत आले तेव्हा गुरुजी सुपारी कातरत बसले होते आणि लेक हात पुढे करून माझी वाट पाहत होती. पाण्याची धार मीच धरली, आई. धार तुटली नाही.

एवढं सगळं मी लिहू शकते, कारण तू आता नाहीस आणि हे वाचणार नाहीस. त्या दिवशी पंगतीत विहीणबाईंनी विचारलं, "मघाशी उठलात, बरं वाटत नव्हतं का?" मी म्हटलं, फोन आला होता. आणि तू समोर असतीस, तुझंही तेच दुखणं आहे हे मला माहीत असतं, तरी तू ताट वाढल्यावर मी तुला हेच सांगितलं असतं, की आज माझा उपास आहे.