रिकामं भांडं परत जात नाही

महदिया, ६ फेब्रुवारी १९९२

चि. तिजानी यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. हे पत्र खुशालीचं नाही. आपल्या वसीलाने नऊ दिवस चूल पेटवलेली नाही. तिला राजधानीतल्या मनोरुग्णालयात न्यावं की नाही, हे मला एकटीला ठरवता येत नाही, म्हणून लिहिते आहे. ती माझी धाकटी बहीण, तशी तुझी थोरली.

तिचा नवरा जाऊन तीन महिने झाले. चाळिसाव्यापर्यंत गल्लीने तिला घटकाभरही एकटं सोडलं नाही. दुखवट्याच्या घरात चूल पेटू द्यायची नाही, म्हणून रोज एकेका घरून भरलेलं भांडं यायचं. वसीला खात होती, रडत होती, एकदा तर शेजारच्या शाझलियाच्या घोरण्यावर हसलीसुद्धा. चाळिसाव्याला कुराणपठण झालं, गाद्या गुंडाळल्या, बायका आपापल्या घरी गेल्या. आता पुरे, तिने स्वतः उभं राहायला हवं, असं मीच सगळ्यांना बजावलं. तीस वर्षं शाळेत मुलींना ‘उभी राहा’ म्हटलं की त्या उभ्या राहत.

आता ती दार उघडत नाही. मला उघडते, कारण मी ते बडवते. डॉक्टर गोळ्या देतात आणि म्हणतात, माणसांत ठेवा, नाहीतर न्यावं लागेल. शाझलियाला विचारलं, तू का फिरकत नाहीस? ती म्हणाली, नझीहाबाई, चाळिसाव्यानंतर ताट नेलं की त्या घरात दुसरं मरण येतं, एवढ्या शिकलात आणि हे ठाऊक नाही? मी म्हटलं, मग हात हलवत जा. त्यावर ती केर काढू लागली. झाडलेलंच अंगण पुन्हा झाडत होती. काहीतरी आहे, पण मला कोणी सांगत नाही.

तू दाढी वाढवली आहेस असं कळलं. फोटो पाठवू नकोस, पत्र पाठव.

लोभ आहेच, तो उत्तरात दिसू दे.

तुझी ताई,
नझीहा


महदिया, १५ फेब्रुवारी

चि. तिजानी यास,

आशीर्वाद. ताईने तुला लिहिलं असेलच. मी लिहिते ते तिला सांगू नकोस. ती हसणार नाही, कामाला लागेल, आणि ते जास्त वाईट.

माझ्याकडे अकरा घरांची भांडी आहेत. शेजारणीचं भांडं रिकामं परत जात नाही, आईने आपल्याला चमचा धरायच्या आधी हे शिकवलं. मी रोज ठरवते, आज शाझलियाचं. निळ्या काठाचं, तिच्या लग्नातलं आहे. कुसकुस वळायला रवा परातीत घेते, पाणी शिंपडते आणि हात तिथेच राहतो. किती वेळ राहतो ते कळत नाही. मग तो रवा कोंबड्यांना जातो.

खजूर घालून दे म्हणशील. ज्यांनी चाळीस दिवस वाफाळता कुसकुस आणला, त्यांना खजूर देऊ? दारावर थाप पडली की वाटतं, आली भांडं मागायला. आता ताईशिवाय कुणाची थापही पडत नाही, तेव्हा वाटतं, सोडला त्यांनी नाद. भांड्यांवर चादर टाकली आहे. तरी कुठलं कोणाचं ते दिसतं.

तू जेवत जा. माझ्याकडून एवढाच लोभ घे.

वसीला


मार्सेय, ९ मार्च

ती. नझीहाताईस,

तिजानीचा सलाम. वि. वि. वसीलाचं पत्र सोबत पाठवतो आहे. तुला सांगू नको म्हणाली, म्हणून दोन आठवडे कोटाच्या खिशात ठेवलं. गोदीत माल उतरवताना रोज हाताला लागायचं. तू ओरडशील. ओरड.

ताई, तिला नेऊ नकोस. भांड्यांचंच आहे सगळं. शाझलियाला सांग, एकेकीने जाऊन आपापलं भांडं हसत उचलून आणावं. एवढं झालं तर ती दार उघडेल. एप्रिलमध्ये रजा मिळाली की मी येतो.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
तिजानी


महदिया, १८ मार्च

चि. तिजानी यास,

आशीर्वाद. तुझं पत्र काल आलं. वसीलाला परवा नेलं.

बारा तारखेला सकाळी कोळ्यांनी तिला बंदराजवळ कमरेइतक्या पाण्यातून बाहेर आणलं. हातात शाझलियाचं भांडं होतं. धुवायला आले होते, म्हणाली. डॉक्टरांनी कागद लिहून दिला आणि मी सही केली.

तुझं पत्र घेऊन शाझलियाकडे गेले. भांडी परत आली नाहीत तेव्हाच तिने सगळं ओळखलं होतं. म्हणाली, आम्ही गेलो असतो तर बिचारीला वाटलं असतं भांडं मागायला आल्या. तिला लाज वाटू नये म्हणून आम्ही तिच्या दारावरून जाणंच सोडलं, पाण्यालासुद्धा मागच्या वाटेने जायचो. अकराही घरांनी असं केलं, तिजानी. सगळ्यांनी मिळून तिची लाज राखली. मला मात्र कोणी बोललं नाही. शाझलियाचं म्हणणं, तुम्ही ताबडतोब भांडी गोळा करून वाटली असतीत. खरं आहे, वाटली असती.

तिच्या भांड्याचं विचारलं, तर म्हणाली, राहू दे तिच्याकडेच. आणि दार लावून घेतलं.

वसीला बरी होईल का, हे तिथे विचारलं. वेळ लागेल म्हणाले. किती, ते कोणी सांगितलं नाही. रजा काढायची घाई करू नकोस. पहिले दोन महिने भेटू देत नाहीत.

ओरडणार होते, पण कुणावर ओरडू? लोभ होता तसाच आहे.

नझीहा

ता. क. सुपूर्द केल्याची नोंद.

आज, गल्लीतल्या दहा घरी: भांडी दहा. प्रत्येकात माझ्या हातचा कुसकुस. तो मला कधीच जमला नाही. सगळ्यांनी मान खाली घालून घेतला.

कोंबड्या: शाझलियाच्या अंगणात सोडल्या.

१६ मार्च, रुग्णालयाच्या परिचारिकेकडे: वसीला, वय ५२. झगे दोन. लोकरीची शाल. गोळ्यांची बाटली. निळ्या काठाचं भांडं एक, हातातून सोडेना म्हणून सामानात लिहून घेतलं. रिकामं.