नळीदार कवलं

आप्पा, 'नळीदार' या शब्दाचा तिसरा अर्थ कोशातून वगळायचा असं आज दुपारी ठरलं. आमच्या संपादकांनी स्वतः फोन करून सांगितलं. पहिले दोन राहतील: नळीच्या आकाराचा, लांबट, गोल आणि आतून पोकळ, आणि फुलापानांबद्दल तसाच. कांद्याची पात नळीदार, लसणाची चपटी, हे आईचं वाक्य उदाहरण म्हणून मी आधीच देऊन ठेवलंय. जायचा तो तुमचा अर्थ. तुम्ही घडवायचात त्या कौलांचा.

संपादक वाईट माणूस नाही. त्यांचं म्हणणं साधं आहे. तुमचं कौल म्हणजे अर्धगोल पन्हळ. त्याला नळीदार कसं म्हणायचं? मी सांगितलं, आमच्याकडे म्हणायचे. ते म्हणाले, "म्हणायचे नको, कोणी म्हणतं का ते सांगा. उद्याच्या बैठकीपर्यंत एका माणसाच्या तोंडून आपसूक आलं तरी ठेवू. शब्द तुम्ही सुचवायचा नाही." इतकी वर्षं हाच नियम मी दुसऱ्यांना लावत आले, त्यामुळे भांडायला तोंड नव्हतं.

मला अजून दिसतं: भट्टीमागच्या पडवीत तुम्ही चाकाशी बसलेले आहात. मातीची नळी वर वर येते, बुडाशिवायची, एका टोकाला जरा निमुळती. ती सावलीत ठेवायची, आणि बोटाचा ठसा उमटेनासा झाला की तारेने उभी चिरायची. एका नळीची दोन कवलं. मी तेव्हा शाळेत नुकतीच भूमिती शिकलेली, म्हणाले, "आप्पा, आता ही नळी कुठाय? हे तर अर्धंच." तुम्ही वर न बघता म्हणालात, "भाकर मोडली म्हंजी ती भाकर न्हाई व्हय? नळीदारच हाय ते. जा, पानी आन." आई आतून हसली होती. मला राग आला होता, पाणी मात्र आणलं.

तर संध्याकाळी पेठेतल्या दुकानावर दादाला फोन केला. त्याचं ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान आता बरं चालतं.

"दादा, आपल्या पडवीवर काय होतं रे?"

"काय व्हतं म्हंजी? कवलं व्हती."

"कसली?"

"कवलासारखी कवलं! तुजी तब्येत बरी हाय ना गं?" मग दुसऱ्या कुणाला, "थांबा पावणं, दोन इंचीच देतो, बहिनीचा फोन हाय."

"आकाराने कसली रे? लोक काय म्हणायचे त्यांना?"

तो खरंच आठवत होता. मागे कोणीतरी पाइप फरशीवर आपटला. शब्द त्याच्या ओठांवर येईल असं वाटून मी पेन उघडलं.

"देशी," तो म्हणाला. "देशी कवलं. आता रिसॉर्टवाले लई मागत्यात, पन बनवनारं कोन ऱ्हायलंय राव? आप्पा असते तर ऐटीत असते." मग म्हणाला, "कशाला पायजे तुला?"

"काही नाही. कामाचं होतं."

"तुमचं काम म्हंजी बी नवलच," म्हणाला आणि गिऱ्हाइकाकडे वळला.

पडवीत वाढलेली आम्ही दोघंच उरलोय, त्यामुळे आणखी कुणाला विचारायचं, हे सुचत नाही. थकले आहे. दिवसभर शब्दांची छाटणी करून हात दुखत नाही, पण दुसरं काहीतरी दुखतं.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही. पोचलं असतं तरी तुम्ही दादाकडून वाचून घेतलं असतं, आणि तो मधली पानं गाळून पुढे गेला असता. उद्या सकाळी बैठकीत नोंद दोनच अर्थांसह मंजूर होईल. कोणी हरकत विचारली, तर मी गप्प बसेन असं दिसतंय. कारण आप्पा, खरं सांगायचं तर मला असं अचानक विचारलं असतं, तर मीही 'कौलं' एवढंच म्हणाले असते.