हातावर खाणारी मांजर

आत्याबाई, आपल्या घरात मांजराची पिल्लं आणली आहेत. तुम्ही असतात तर ती उंबऱ्याच्या आत आली नसती, म्हणून आधी तेच सांगते. तीन आहेत, कोठीच्या खोलीत धान्याच्या पत्र्याच्या कोठ्यांमागं राहतात, आणि तुमचा पाट जिथं असायचा नेमकं तिथंच घाण करतात. मी अजून एकदाही रागावलेले नाही. लग्न होऊन आले तेव्हा सासूला आत्याबाई म्हणायचं असं मला सांगितलं गेलं, म्हणून अजून तसंच म्हणते. दुसरं काही म्हणावं असं आपल्यात घडलं नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की माझ्या सुनेनं तुम्हाला फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलं आहे. त्यात तुम्ही फार मायाळू दिसता. फोटोवाल्याचे हात चांगले होते. सून विचारते, "मम्मी, आज्जी लय प्रेमळ होत्या का?" मी म्हणते, गावात विचार. गावात विचारलं तर सगळं गाव हो म्हणेल. म्हणून तर लिहायला बसले आहे.

पिल्लं शेतातल्या आखाड्यावर सापडली. तुमच्या वेळचा आखाडा आता राहिला नाही. बैल गेले, ट्रॅक्टर भाड्यानं येतो, आणि बैलांच्या जागी पत्र्याखाली ठिबकच्या नळ्या आणि रिकाम्या पोत्यांच्या थप्प्या पडलेल्या असतात. त्या पोत्यांत कुणाचीच नसलेली एक मांजर व्याली आणि पिल्लं जरा हिंडायला लागली तोच कुत्र्यांनी तिला फाडली. सून सोयाबीन काढणाऱ्या बायांसाठी भाकरी घेऊन गेली होती, ती येताना कोंबड्या झाकायच्या डाल्यात ही तीन कोंडून, वर ओढणी बांधून, कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून घेऊन आली. दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडलेले. रानातच जन्मलेली, माणूस कधी न पाहिलेली पिल्लं ती. एवढ्याशा तोंडातून असं फिस्कारायची की मीच दोन पावलं मागं सरले. तुमच्या नातवानं डाल्यात वाकून पाहिलं आणि निकाल दिला. "दिवाळीपस्तोर माणसाळली तर ऱ्हाऊ द्या, उंदरं तरी धरतील. न्हाई तर कोठीची खोली मला सोयाबीनला लागायलीय. पोत्यात घालतो अन् पिंगळीच्या टेसनावर सोडून येतो." तुमचे चिरंजीव ओसरीवर बसून ऐकत होते. त्यांनी कधी कशात तोंड घातलं आहे, की आता घालतील?

नातू शोभतो तुमचा. मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला वाहावं लागतं, हे त्याला तुम्हीच मांडीवर घेऊन शिकवलं होतं. मरायला सोडून दिलं तर काहीच वाहावं लागत नाही. तुमच्या धर्मात अशी सोय जागोजागी होती.

पिल्लं माणसाळवायची कशी, हे सुनेनं मोबाइलवर पाहून ठेवलं होतं. मी भाकरी थापत होते आणि ती उत्साहानं सांगत होती. "मम्मी, वाटी ठेवून निघून यायचं न्हाई. आपण समोर बसलो तरच खायाला द्यायचं, अन् उठताना वाटी उचलून आणायची. भूक लागली की आपसूक जवळ येतेत. मंग हातावर खातेत. मंग हात फिरवला तरी गप बसतेत." माझा हात परातीतच थांबला. पोरगी वाईट नाही, परभणीत वाढलेली, हसरी, मनात काही न ठेवणारी. तिला काय ठाऊक, की ही विद्या मला कुणी मोबाइलवर दाखवायची गरज नव्हती. मी ती या घरात शिकले, आणि शिकताना मी वाटीच्या पलीकडच्या बाजूला होते.

मी आले तेव्हा दहावी झालेली, तोंडानं फटकळ, बापाबरोबर जिंतूरच्या बाजारात कापसाच्या भावावरून व्यापाऱ्याशी हुज्जत घालणारी पोर होते. तुम्ही मला एक शब्द वाकडा बोलला नाहीत. भाकरी मी थापायची, भाजायची, आणि दुरडी मात्र तुमच्या गुडघ्याला लागून. गडीमाणसं जेवली, पोरं जेवली, तुम्ही जेवलात, की मला हाक यायची आणि तुम्ही स्वतःच्या हातानं मला वाढायच्या. सुनेनं आपल्या हातानं घ्यायचं नाही, हा या घराचा रिवाज. ज्या दिवशी माझं तोंड चाललं, त्या दिवशी तुम्ही दुरडीत बघून अगदी हळहळून म्हणायच्या, "आज भाकर सरली गं बाई." सगळ्या भाकरी माझ्याच हातच्या, किती थापल्या ते मला ठाऊक, आणि कापडाखालचा फुगवटा मला दिसत असायचा. शेजारणी म्हणायच्या, "नशीब काढलंस पोरी, सासू हातानं वाढती." उंदराला मांजर साक्ष. त्यांच्याही घरी तीच दुरडी होती.

एकदा कापूस वेचून दुपारी घरी आले तर घरात कुणी नाही. दुरडी शिंक्यावर टांगलेली. मी पाटावर चढून एक भाकर काढली, तिच्यावर तिखट आणि तेल घेतलं आणि चुलीपुढं बसून खायला लागले. आजही ती भाकर मला आठवते, कडेनं जराशी करपलेली. दोन घास राहिले असतील आणि तुम्ही दारात उभ्या. "भूक लागली व्हती तर मला म्हणायचं. हात कामून घातलास?" एवढंच म्हणालात, तेही हळू. मग पुढं कितीतरी दिवस माझ्या पानात अर्धी भाकर येत राहिली आणि तुम्ही ती अशी जपून वाढायच्या, जशी काही दुष्काळात आपलीच मोडून मला देताय. शेवटी एका दुपारी गल्लीतल्या बायका बसलेल्या असताना मी मान खाली घालून म्हणाले, "तुमी म्हणाल तसं, आत्याबाई." त्या दिवशी तुम्ही माझ्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवलात. सगळ्यांच्या देखत, हातानं.

मला ते लोणी आवडलं. त्याचाच राग मला अजून आहे. पुढं पुढं मी लोण्यासाठीच मान खाली घालायला लागले, आणि मग लोणी नसलं तरी घालायला लागले. माहेरी गेले की आई ताट पुढं सरकवून म्हणायची, घे की, आणि मी कुणी वाढायची वाट बघत बसायचे. आई एकदा रडली. तुम्हाला वाटलं असेल, मोठा हत्ती वश केला. एक उपाशी पोरगी वश केलीत, आत्याबाई. त्यात कसलं आलंय कसब? दुरडी धरून बसायला ना अक्कल लागते, ना काळीज. लंगड्या-लुळ्यालाही जमेल असं काम, आणि त्याच्या जोरावर तुम्ही जन्मभर या गावात शहाण्या म्हणून मिरवलात.

तर या पिल्लांतले दोघे बोके तुमच्या शिकवणीला अगदी योग्य निघाले. उकडलेल्या अंड्याच्या वासानंच दोघांचा स्वाभिमान संपला. सुनेच्या मांडीवर चढून म्याँव म्याँव करायला लागले. तिसरी राखाडी रंगाची, शेपटीचं टोक मोडलेलं, ती कोठीमागून हलेना. सून समोर बसली की ती भिंतीला चिकटून बसायची, आणि वाटी उचलली की नुसते डोळे दिसायचे. ती माझ्या मनात भरली. मग मी काय केलं, तर सून न्हाणीत गेली की भाकरीचा कुस्करा आणि अंडं एका वाटीत घालायचे, वाटी कोठीमागं सरकवायची आणि दार ओढून घ्यायचे. खा बाई, कुणाच्या हाताकडं न बघता खा. माझी सून भूक लागली की स्वतः वाढून घेते, कधी कधी माझ्याही आधी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या कपाळाला आठी पडली होती. ती आठी तुमची. मी ती पुसली आणि तिला म्हणाले, लोणचं घे. मग या राखाडीला एवढं सुख दिलं तर कुणाचं काय गेलं?

दिवाळी जवळ आली. सोयाबीन अंगणात पडलं, आणि तुमच्या नातवानं एक रिकामं पोतं झटकून खुंटीला लावून ठेवलं. सुनेचा जीव वरखाली होत होता. राखाडी खाल्ल्याशिवाय राहते कशी, हे तिला उमगेना. एक दिवस कोठीमागं झाडू घालताना तिला वाटी सापडली. ती वाटी घेऊन स्वयंपाकघरात आली.

"मम्मी, हे तुमी ठेवायलाव?"

"तिला भूक लागत असंल."

"भूक लागू द्यायचीच हाय ना. तुमी दया करायलाव अन् ती पोत्यात जाणार. तिथं टेसनावर तिला कोण वाटी आणून देणार हाय?"

मी म्हणाले, "उपाशी ठेवून जवळ आणलेलं, ते काय जवळ असतं का?"

तिनं वाटीला चिकटलेला कुस्करा बोटानं काढला. मग म्हणाली, "मम्मी, थोडेच दिवस. एकदा तिची भीती गेली की वाटी कायम भरूनच ठेवायची. कवाबी येऊन खाईल." आणि वाटी विसळायला घेऊन गेली.

आत्याबाई, तुमच्याकडं हे 'एकदा' कधी आलंच नाही. माझी भीती कधीच गेली होती, तोंड बंद झालं होतं, मला पोरं झाली, माझे केस पिकायला लागले, तरी दुरडी तुमच्या गुडघ्यालाच. शेवटी अंथरुणाला खिळलात तेव्हाही ती खाटेखाली ठेवून घेतलीत. मी तुम्हाला घास भरवत होते आणि तुमचा एक हात खाली लोंबत दुरडी चाचपत होता. सुंभ जळाला तरी पीळ गेला नाही. मी एकदाही तुम्हाला म्हणाले नाही, की आज भाकर सरली. माया म्हणून नाही. तुमच्यासारखं व्हायचं नव्हतं म्हणून.

पण सुनेचं म्हणणं खरं होतं, आणि खुंटीवरचं पोतं तर डोळ्यांपुढं होतं. मी तिला सांगितलं, राखाडीचं मी बघते. मग रोज कामं आटोपली की कोठीच्या खोलीत जाऊन, दार लावून, अंड्याचे तुकडे घेऊन भिंतीला टेकून बसायला लागले. वाटी सोडून निघून आले नाही. ती खायची नाही. मी वाटी उचलून आणायची. तुमची आठवण यायची आणि तोंड कडू व्हायचं. मग ती कोठीच्या कडेपर्यंत आली. मग माझ्या पायापर्यंत. आणि मग एका दुपारी तिनं माझ्या तळहातावरचा तुकडा उचलला, खरखरीत जीभ लागली, आणि खाऊन झाल्यावर ती तिथंच बसून राहिली. दिवाळीच्या आत मी तिला पदराखाली घेऊन ओसरीवर आले. तुमच्या नातवानं पाहिलं, म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मंग," आणि पोतं सोयाबीनला वापरलं. सून आनंदानं हसत सुटली. त्या दिवसापासून वाटी चोवीस तास भरलेली असते. तिन्ही मनाला येईल तेव्हा खातात आणि आमच्याकडं ढुंकून बघत नाहीत. मला ते फार आवडतं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. असता तरी तुम्हाला वाचता येत नव्हतं, तुम्ही ते वाचून दाखवायला मलाच समोर बसवलं असतं. मी सगळं वाचलं असतं, दुरडीचं, लोण्याचं, एकेक शब्द मोठ्यानं. फक्त हे शेवटचं गाळलं असतं. सुनेलाही ते सांगितलेलं नाही. राखाडी पहिल्यांदा हाताशी आली त्या दुपारी, तुकडा उचलण्याआधी ती माझ्या पुढ्यात येऊन बसली होती. भीती गेली होती, यायचं तेवढं ती जवळ आली होती. तुकडा माझ्या मुठीत होता आणि ती मान वर करून त्या मुठीकडं बघत होती. मूठ तेव्हाच उघडायला हवी होती. मी उघडली नाही. जरा वेळ तशीच धरून ठेवली, कारण तिचं ते बघणं मला गोड वाटत होतं.