शेंगदाण्यावरचा संशय

१ फेब्रुवारी, रविवार
अठ्ठावीसला विज्ञान दिन. कॉलेजात माझं व्याख्यान: 'पेशी परक्याला कशी ओळखते?' सव्वीस वर्षं बारावीला बायॉलॉजी शिकवतोय, विषय तोंडपाठ. संकल्प: रोज एक तास तयारी. आज जमलं नाही, केस आवरायचे होते. तसे ते काळेच आहेत. कानाजवळ जरा टच-अप लागतो, इतकंच. वय छप्पन्न, पण मुलं पंचेचाळीस धरतात. विचारलं नाही कधी, पण कळतं.

३ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी ६
कपाळ, कान खाजताहेत. पापण्या सुजल्या. कारण लगेच सापडलं: कालची शेंगदाण्याची चटणी. रत्नमाला म्हणाली, "डोक्याला काय चोपडता ते बघा आधी. चटणी तर जन्मापासून खाता." बायको कॉमर्सची, सोडून दिलं. आजपासून घरात शेंगदाणा बंद.

८ फेब्रुवारी
खाज गेली. निदान अचूक! व्याख्यानाचा पहिला मुद्दा लिहिला. टी-पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतात. दुसरी एक पेशी अँटिजेनचा, म्हणजे परक्या पदार्थाचा, तुकडा तिच्यासमोर धरते. तो रिसेप्टरमध्ये नेमका बसला की निरोप आत जातो, एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे, थेट केंद्रकापर्यंत. मग पेशी जागी होते, वाढते, हल्ला करते. काही पेशी ती ओळख कायम लक्षात ठेवतात. रत्नमालाला समजावून सांगितलं. तिनं कुटाशिवाय केलेलं भरलं वांगं पुढ्यात ठेवलं. गुपचूप खाल्लं.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र
गेटवर व्याख्यानाचा फ्लेक्स लागला. फोटो २०११चा, छान आहे. टच-अप, या वेळी सगळीकडून.

१७ फेब्रुवारी
डोळे अर्धे बंद. शेंगदाणा नसताना? छडा लावला. परवा उपवासाला शेजारच्या सत्यभामाकाकूंकडे साबुदाण्याची खिचडी खाल्ली होती, त्यात कूट! दोन दिवस उशिरा का? शेंगदाणा सावकाश काम करत असणार. रत्नमाला नुसती माझ्या डोक्याकडे बघत होती.

२६ फेब्रुवारी
तयारी: एकूण दोन मुद्दे. बाकी स्टेजवर सुचेल. टच-अप. अर्धा तास जास्त ठेवला, फ्लेक्सशी मेळ बसायला हवा.

२८ फेब्रुवारी, दुपारी ४
सकाळी आरशात ओळखू आलो नाही. तरी गेलो, माघार माझ्या स्वभावात नाही. स्टेजवर सुचलंच! म्हणालो, माझा चेहराच बघा, हा शेंगदाण्याचा प्रताप. मागच्या बाकावरची श्रेया उठली. "सर, शेंगदाण्याचं लगेच व्हतं ना? तुम्हीच शिकवलं. दोन दिवसांनी येतं ते टी-पेशींचं. माझ्या पप्पांचं तोंड बी असंच सुजलं व्हतं, हेअर डायनं."
आधी पोरं हसली, मग प्राचार्य. मी "उत्तम प्रश्न" म्हणालो आणि आभारप्रदर्शन लवकर उरकायला लावलं.

२५ मार्च
सूज उतरल्यावर त्वचेच्या डॉक्टरबाईंनी पाठीवर दोन दिवस पट्ट्या लावल्या होत्या. आज काढल्या. डायची जागा लालभडक. त्यातलं रसायन आपल्याच प्रथिनाला चिकटतं, मग पेशी त्याला परकं समजते, असं त्यांनी मला चित्र काढून समजावलं. माझ्या नोट्समध्ये हे पान ४१ वर आहे. ही ओळख आता जन्मभर राहणार. डाय कायमचा बंद. बाहेर आल्यावर रत्नमालानं भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी घेतली आणि एकटीनं संपवली. वाईट वाटलं. तिनं दीड महिना सपक खाल्लं, ते माझ्यामुळं.

६ एप्रिल, सोमवार
केस बारीक कापले. पांढरे आहेत. सगळेच. पण चेहरा तरुण आहे, फरक पडणार नाही.
पडेगावला वेरूळहून येणारी बस पकडली. गर्दी होती. दप्तरवाली एक मुलगी उठली, म्हणाली, "बसा आजोबा." मी हसून म्हणालो, अगं, मी छप्पन्नचाच आहे.
ती म्हणाली, "व्हय, माझे आजोबा बी छप्पन्नचेच हायेत."
बसलो.