नाजियाच्या पानावर

प्रिय रोशन,

हे पत्र फाडायच्या आधी शेवटपर्यंत वाच. तू तापट आहेस हे मला ठाऊक आहे. मीही त्याच घरची आहे.

लवकर पिकणारा हलका धान कापून घरात आला, तरी आपल्याकडे अजून नवं खाणं झालेलं नाही. अख्ख्या गावाने देवापुढे कोंबडी कापून नवा भात खाल्ला, आपण मात्र कोदोच्या पेजेवर. जुना तांदूळ कधीचाच संपला. आईला ताप येऊन गेला, तोंडाला चव नाही. तिला मऊ भात दे, असं शेजारच्या रुखमाकाकूने सांगितलं म्हणून मी नव्या तांदळाला हात लावला, तर बाबा अंगावर आले. “देवाले देल्याबिगर कोनीच खानार नाई!” मला इतका राग आला की हातातलं सूप अंगणात भिरकावलं.

पूजा करणारा पोचूभाऊ रोज दारात येतो. पोराशिवाय उरकून टाक म्हणतो. पण नव्या खाण्याच्या दिवशी ज्याचं पान मांडलं नाही तो घरातला नाही, हा आपला रिवाज. तुझं पान मांडू नका, हे बाबांच्या तोंडून निघत नाही, आणि तुला बोलवा हेही निघत नाही. घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही. आई नुसती भिंतीकडे तोंड करून पडून असते.

गेल्या वर्षीच्या नव्या खाण्याचं मी विसरले नाही. सून म्हणून पानावर बसलेल्या नाजियाने भात खाल्ला, देवाची कोंबडी तेवढी बाजूला सारली. बाबा नाही नाही ते बोलले, मान्य. पण आपल्या हातचं कापलेलं तिच्या धर्मात चालत नाही, हे तू शांतपणे सांगितलंस का? शिवीला शिवी दिलीस, भरलं पान उलथं केलंस आणि बल्लारपूर गाठलंस. ती बिचारी जाताना आईच्या पाया पडली, ते तू बघितलंही नाहीस.

काल बाजारात बाबांनी व्यापारी बाबूभाईंकडे डिंक विकायला नेला. मी मागेच उभी होते. डिंक देऊन झाला तरी बाबा हलेनात. मग खाली बघत म्हणाले, “तुमच्यातली पोरगी आमच्या घरी आली, त काय खाते जी?”

बाबूभाई म्हणाले, “मासा द्या ना भाऊ. त्याले कापाची भानगड नाई.”

घरी आल्यावर बाबा दारात चप्पल काढताना मला म्हणाले, “तुह्या मायले मी भात खाऊ देलो नाई, नेम हाय म्हनून. मंग त्या पोरीनं आपला नेम काऊन मोडावा?”

रोशन, मला रडूच आलं.

आज पहाटे ते जाळं घेऊन नदीवर गेले. आता माठात मरळ मासे जिवंत आहेत. बाबा सारखं पाणी बदलतात आणि मांजराला शिव्या घालतात. पोचूभाऊला त्यांनी सोमवार सांगून टाकलाय. त्यापुढे मासेही थांबणार नाहीत आणि आईही. तुला बोलाव, असं ते मेले तरी म्हणणार नाहीत. बाबूभाई दुपारी तुमच्याकडेच निघताहेत, म्हणून हे घाईघाईने लिहून त्यांच्या हाती देते आहे. मी पत्रावळी टाचायला बसले होते, तेव्हा बाबा जवळून गेले आणि मान न वळवता एवढंच म्हणाले, “दोन जास्त टाच.”

वाट बघणारी,
तुझीच ताई,
दीपाली