आमेनची वाट

घाटंजी, ७ नोव्हेंबर २०२४

चि. शलमोन, प्रभूत सलाम व अ. आ. वि. वि.

फोनवर मले काही ऐकू येत नाही, म्हणून कागद घेतला. काल बुधवारची घरसभा माह्या घरी होती. तुहे भाऊजी गेल्यापासून पहिल्यांदाच इतके लोक आले. खुशीत पोहे केले. शेवटी रीतीप्रमाणं डोळे मिटून एकेकानं देवाचे उपकार मानाचे होते. माही पाळी आली. मी पाठ असलेलं बोलली, कृपेनं बरी आहे, कशाची कमी नाही. अन् डोळे मिटूनच बसली. कोणाचं तरी चालू असंन म्हणून बसूनच राह्यली. गुडघे दुखाले लागले तवा पाह्यलं, त सतरंजीवर कोणीच नाही. पोहे खाऊन, चहा पिऊन सारे निघून गेलते! एकानंही हात लावून सांगितलं नाही. बापा, असा राग आला!

आता त्या सभेत पाय ठेवत नाही. तू बोलावतच होता, त नाताळाआधी महागावले येते, कायमची. माया आहेच, ती राहू देजो.

तुही बहीण, इंदू

महागाव, १३ नोव्हेंबर

ती. बाईस शलमोनचा सलाम.

खोली झाडून ठेवली, खुशाल ये. पण राग तिकडंच ठेव, आमच्या घरी तुझ्या भावजयीचाच भरपूर आहे.

तुमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, इंदूबाई प्रार्थनेत इतक्या बुडाल्या होत्या, की मोडायची कोणाची छातीच झाली नाही. चपला हातात घेऊन सारे बाहेर पडले म्हणे. रविवारी तू गेली नाहीस, म्हणून वाचलीस. समाधान शिकावं तर इंदूबाईकडून, असा उपदेशात तुझा दाखला दिला! खरं काय ते त्यांना तूच सांग, नाहीतर सारं सोडून इकडं ये. धाकट्यावर लोभ कायम ठेव.

तुझा, शलमोन

घाटंजी, २८ नोव्हेंबर

चि. शलमोन, सलाम व आशीर्वाद.

दाखल्याचं वाचून लाजेनं मेली. काल शेजारच्या बबिताच्या घरी सभा होती, गेलती. माही पाळी आली तवा उभी राह्यली. सांगितलं, त्या दिवशी मी प्रार्थनेत नव्हती, मले आमेन ऐकूच आलं नाही. अन् बरी आहे म्हणते, तेही खोटं. अजून दोन ताटं वाढते, एक तसंच उचलून ठेवते. दिवस दिवस माणसाचं तोंड दिसत नाही.

पाळकसाहेबांनी मान खाली घातली. बबिता आधी हसली, मंग रडाले लागली. मी कायमची येत नाही आता, नाताळाले तूच ये.

त्या सभेत मंग मी डोळे मिटले. पाठ असलेलं एक अक्षर आठवंना. एवढंच तोंडातून निघालं, देवा, मी एकटी आहे हे आता या लोकायले माहीत झालं, तुहे उपकार.

लोभ धरून राहाजो.

तुही, इंदू